लोकरीच्या लडीसाठी घरी बनवायचा लाकडी फाळका

लडीवरून थेट विणायला बसणं म्हणजे गुंत्याला आमंत्रण. म्हणून आधी गुंडा करून घ्यायचा, आणि त्यासाठी घरातल्या कुणाला तरी दोन्ही हात पुढे करून समोर बसवायचं, ही रीत घरोघरी चालत आली आहे. दुसरं माणूस मोकळं नसेल तर खुर्चीची पाठ किंवा स्वतःचे गुडघे. खुर्चीवर लडी फिरत नाही, प्रत्येक वेढा हाताने सोडवावा लागतो. गुडघ्यांवर लडी सैल-घट्ट होत राहते आणि शेवटचे वेढे हमखास घसरतात. फाळका, म्हणजे लडी चढवायचा फिरता सांगाडा, असला की एकट्याने शांतपणे गुंडा होतो.

इथे दिलेला फाळका टेबलावर ठेवायचा आहे: एकमेकींत अडकवलेल्या दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर चार उभ्या खुंट्या, मधे आस आणि खाली जड बैठक. सुतारकामाचा थोडा हात असलेल्याला दोन सुट्टीच्या दिवसांचं काम आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की धरायची. फाळका हलका फिरावा, पण मोकाट फिरू नये. बहुतेक घरगुती फाळके इथेच फसतात. बेअरिंग घालून ते गरगर फिरतील असे केले जातात, आणि हात थांबला तरी फाळका थांबत नाही. सुटलेले वेढे खाली लोंबतात, आसाभोवती गुंडाळले जातात आणि गुंता होतो. खालची सगळी रचना हे टाळण्यासाठी आहे.

मापाचं गणित

लडी चार खुंट्यांवर चढली की चौकोन होतो. मध्यापासून खुंटीचं अंतर गुणिले ५.६६, अधिक खुंटीच्या जाडीचे साधारण ५ सें.मी., एवढा लडीचा घेर. उलट काढायचं तर लडी सपाट ताणून धरा, तिची लांबी दुप्पट करा, त्यातून ५ वजा करा आणि ५.६६ ने भागा. लडी ताणून ७४ सें.मी. भरली तर घेर १४८, आणि खुंटी मध्यापासून सुमारे २५ सें.मी. वर हवी.

सगळ्या लड्या एका घेराच्या नसतात, म्हणून पट्टीवर भोकांची रांग लागते. भोकं मध्यापासून १५.५ सें.मी. वर सुरू करून दर २.५ सें.मी. ला एक, अशी ३५.५ पर्यंत पाडायची. एका बाजूला ९, एका पट्टीवर १८, एकूण ३६. त्यांतून मिळणारे घेर असे:

१५.५ सें.मी. — ९३
१८ — १०७
२०.५ — १२१
२३ — १३५
२५.५ — १४९
२८ — १६३
३०.५ — १७८
३३ — १९२
३५.५ — २०६

दोन घेरांमधे १४ सें.मी. चा फरक राहतो. लडी अधल्यामधल्या मापाची निघाली तर समोरासमोरच्या दोनच खुंट्या एक भोक सरकवा, घेर ७ सें.मी. ने बदलतो. एकटी खुंटी सरकवू नका. तोल जातो आणि फाळका प्रत्येक फेरीत झटके देतो. भोकं २ सें.मी. वर पाडण्याचा मोह होईल, पण मग दोन भोकांमधे जेमतेम ८ मि.मी. लाकूड उरतं आणि पट्टी रेषेत चिरते.

सामान

पट्ट्यांसाठी सागवानाचे दोन तुकडे, रंधून झाल्यावर ७६ सें.मी. लांब, ३८ मि.मी. रुंद आणि २२ मि.मी. जाड (सुताराच्या भाषेत दीड इंच आणि सात सूत). आणताना ८० सें.मी. चे आणि दोन-तीन मि.मी. जास्तच आणा. चौकटी-दारं करणाऱ्यांकडच्या कापलेल्या तुकड्यांत हे सहज निघतं. बैठकीसाठी १८ मि.मी. प्लायचे २२ × २२ सें.मी. चे दोन तुकडे, पट्ट्यांखाली मधोमध लावायच्या पाटीसाठी १२ मि.मी. प्लाय १२ × १२ सें.मी. आणि खुंट्यांसाठी शिसम किंवा बाभूळ.

लोखंडी सामान ग्वाल्हेरच्या लोहिया बाजारात एका फेरीत मिळावं: पूर्ण आटे असलेला एम-८ बोल्ट १०० मि.मी., एक साधा नट, एक नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप न सुटणारा), चार वायसर (त्यांतले निदान दोन ३० मि.मी. रुंद), बाहेरून १० आणि आतून ८ मि.मी. ची पितळी नळी ३२ मि.मी., २५ मि.मी. चे चार स्क्रू, बैठकीला चार रबरी पाय. शिवाय जाड नमद्याचा (दाबून केलेल्या लोकरी कापडाचा) किंवा जुन्या घोंगडीचा हातभर तुकडा. हा नमदाच पुढे ब्रेकचं काम करतो, तेव्हा तो गाळू नका.

लाकूड वाळलेलं आहे ना?

ग्वाल्हेरसारख्या गावात या प्रश्नाला फार महत्त्व आहे. मे महिन्यात ४५ अंशांचा कोरडा भाजका उन्हाळा आणि लगेच जुलैची दमट हवा. लाकूड वर्षभर आक्रसतं आणि फुगतं. ते आक्रसतं आडव्या अंगाने, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे पट्टीतलं भोक रुंदीच्या दिशेने थोडं आवळतं, लांबीच्या दिशेने होतं तेवढंच राहतं. खुंटी मात्र सगळीकडून बारीक होते. ओल्या लाकडाची खुंटी पावसाळ्यात घट्ट बसली तरी उन्हाळ्यात पट्टीच्या लांबीच्या दिशेने डुगडुगायला लागते, आणि लोकर खुंटीला ओढते ती नेमकी त्याच दिशेने, मध्याकडे. खुंटी आत झुकली की वेढे वर सरकतात आणि टोकावरून निसटतात.

पारख सोपी आहे. तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, वजन पेन्सिलीने त्यांच्यावरच लिहा आणि पंख्याच्या हवेत उभे ठेवा. आठवड्याने पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. उन्हात वाळवू नका, टोकांना चिरा जातात. खुंट्या शक्यतो कोरड्या ऋतूत बसवून घ्या. पावसाळ्यात त्या थोड्या घट्ट होतील, पण पिळून निघतील.

चीड (पाइन) किंवा पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड स्वस्त पडतं, पण चिडाची राळ उन्हाळ्यात पाझरते आणि लोकरीला चिकटते. बैठकीखाली वापरायला हरकत नाही, पट्ट्यांना मुळीच नको. गाठ असलेला तुकडाही नको. भोकांच्या रांगेत गाठ आली की बिट घसरतो.

पट्ट्या: आधी भोकं, मग खाच

रंधून झाल्यावर गुण्या लावून चारही कडा काटकोनात आहेत का पाहा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या बाजूवर ठळक "वर" लिहा. ही खूण पुढे तीन ठिकाणी लागते. खतावणीने (कडेला समांतर रेघ ओढायच्या सुतारी हत्याराने) पट्टीच्या बरोबर मधोमध लांब रेघ ओढा, लांबीचा मध्य काढा आणि तिथूनच दोन्हीकडे मापं घ्या. टोकापासून मोजलेली भोकं एकमेकींशी जुळत नाहीत, कारण दोन पट्ट्यांच्या लांबीत एखाद-दोन मि.मी. फरक राहतोच. प्रत्येक खुणेवर टोच्याने अणी मारा.

भोकं १२ मि.मी. ची, आरपार, पण सरळ उभी नाहीत. खुंटीचं वरचं टोक साधारण ५ अंश बाहेर झुकलेलं हवं. बाहेर झुकलेल्या खुंटीवर लोकर ताणाने खाली सरकते आणि पट्टीपाशी टिकते. आत झुकलेल्या खुंटीवर ती वर चढते. हा कल साधायला स्टँडवरच्या ड्रिलखाली एक सपाट फळी ठेवा आणि तिच्या एका टोकापासून ३८ सें.मी. वर ३३ मि.मी. जाडीचा तुकडा सरकवून तिला उतार द्या. पट्टी "वर" बाजू वर ठेवून या फळीवर आडवी टाका आणि उताराच्या चढत्या बाजूला असलेली नऊच भोकं पाडा. मग "वर" बाजू वरच ठेवून पट्टी टोकाकडून फिरवा. आता उरलेली बाजू चढाकडे येते, तिची नऊ भोकं पाडा. पट्टी न फिरवता अठराही भोकं पाडली तर निम्म्या खुंट्या आत झुकतील, आणि मग सरळ भोकं परवडली म्हणायची वेळ येते. पट्टीखाली रद्दी लाकूड ठेवा, म्हणजे खालून ढलपे निघत नाहीत. मधे अणी असलेला लाकडाचा बिट वापरा, लोखंडाचा बिट उतारावर सरकतो. त्याच बिटाने एका वेगळ्या तुकड्यात चार-पाच भोकं पाडून ठेवा, लगेच लागणार आहेत.

आता मधली खाच. एका पट्टीला ती वरून घ्यायची, दुसरीला खालून, दोन्हींची खोली ११ मि.मी. रुंदी टेपने मोजू नका. दुसरी पट्टी प्रत्यक्ष आडवी ठेवून, गुण्या लावून, सुरीच्या टोकाने तिच्या दोन्ही कडा आखून घ्या. करवत रेघेच्या आतल्या, म्हणजे फेकायच्या बाजूने चालवा, मधे आणखी तीन-चार काप द्या आणि पटाशीने दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत साफ करा. एकाच बाजूने पटाशी मारत गेलात तर पलीकडची कड उखडते. पट्ट्या मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसल्या पाहिजेत. खाचेत अर्धा मि.मी. ढिलाई राहिली तर पट्टीच्या टोकाला ती जवळपास ५ मि.मी. होते, आणि फाळका फिरताना डोलतो. ढिलाई आलीच तर सागवानाचं पातळ साल फेविकॉलने खाचेच्या भिंतीला चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा घासून बसवा. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसून घ्या.

दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. सुट्या राहिल्या तर काम झाल्यावर फाळका मोडून कपाटामागे जातो.

आस आणि बैठक

मधली पाटी फक्त खालच्या पट्टीला, म्हणजे जिची खाच वरून आहे तिला, स्क्रूने लावा. स्क्रू मध्यापासून ४.५ सें.मी. वर, दोन्हीकडे दोन-दोन. आधी बारीक बिटाने वाट करा, सागवान काठाजवळ तडकतं. दोन्ही पट्ट्या अडकवून शिकंज्यात आवळा आणि पट्ट्या व पाटी यांच्या आरपार १० मि.मी. चं एकच भोक पाडा, स्टँडच्या ड्रिलवर, अगदी उभं. हातातल्या ड्रिलने भोक एक अंश जरी कललं तरी पट्टीचं एक टोक ६ मि.मी. वर आणि दुसरं तेवढंच खाली जातं. पितळी नळी या भोकात बोटाने सरकेल इतपत सैल हवी. घट्ट असेल तर भोक कानशीने किंचित घासा.

नळी कशासाठी? बोल्टाचे आटे लाकडात फिरले तर भोक दोन-चार महिन्यांत पोखरून लंबगोल होतं. नळीमुळे लाकूड गुळगुळीत पितळेवर फिरतं.

बैठकीचे दोन प्लाय फेविकॉलने चिकटवून रात्रभर दाबून ठेवा. खालून मधोमध २५ मि.मी. रुंद, ८ मि.मी. खोल खळगा करा, त्यातून ८ मि.मी. चं भोक आरपार. बोल्ट खालून घाला, डोकं वायसरसकट खळग्यात लपलं पाहिजे. वरून वायसर आणि साधा नट घालून पाना लावून घट्ट करा. बोल्ट बैठकीशी एकजीव झाला, तो आता फिरता कामा नये. यावर क्रमाने: रुंद वायसर, नमद्याची ४० मि.मी. ची चकती, पाटीसह पट्ट्या (आत नळी), दुसरी नमद्याची चकती, रुंद वायसर आणि शेवटी नायलॉक नट. नळी ३२ मि.मी. आणि लाकूड ३४, त्यामुळे नट आवळला की दाब नमद्यावर येतो, नळीवर नाही. साधा नट इथे चालत नाही. वरून पाहता फाळका घड्याळाच्या उलट फिरला की तो नटाला सोबत ओढतो आणि नट हळूहळू सुटतो.

६०८ नंबरचं बेअरिंग बसवलं तर बिघडणार नाही, पण हाताने गुंडा करताना त्याचा फायदा नाही. हँडलचं गुंडा-यंत्र वेगाने चालवायचं असेल तरच घाला, आणि तेव्हाही नमदा काढू नका.

खुंट्या

चार पुरतात, पाच करून घ्या. एखादी हरवते. खरादवाल्याकडे (लाकूड कातून देणाऱ्याकडे) मघाचा भोकं पाडलेला तुकडा घेऊन जा आणि तेच माप द्या. तोंडी "१२ मि.मी." सांगितलं तर खुंट्या १२.३ किंवा ११.५ च्या येतात. शेपूट २५ मि.मी. लांब, त्या भोकात हाताने पिळून बसेल असं. वरचा भाग १६ मि.मी. जाड आणि १५ सें.मी. उंच. जाडीतल्या या फरकामुळे खांदा तयार होतो आणि खुंटी खाली घसरत नाही. शेपटाचं टोक पट्टीखालून ३ मि.मी. बाहेर येतं, पावसाळ्यात अडकलेली खुंटी तिथून ढकलून काढता येते. वरचं टोक गोल, पण बोंड नको. बोंड दिसायला छान, मात्र लडी चढवता-उतरवताना अडते.

रेषा खुंटीच्या लांबीला सरळ धावल्या पाहिजेत. तिरप्या रेषांची खुंटी खांद्यापाशीच मोडते. शेपटांना मेण चोळा.

पॉलिश

पेपर ८० नंबरपासून, मग १२०, २२० आणि शेवटी ३२०, नेहमी रेषांच्या दिशेने. भोकांच्या कडा गोल करा. घासून झाल्यावर जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळीकडून फिरवा. जिथे मोजा अडकेल तिथे लोकर अडकणार. बोटाला न जाणवणारी कूस मोज्याला बरोबर सापडते.

चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिश सगळ्यांत बरं. तीन पातळ हात द्या, दोन हातांमधे ३२० चा पेपर हलकेच फिरवा. रंग मिसळू नका, पांढऱ्या लोकरीला तो लागतो. मोहरीचं तेल नको, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि लोकरीला वास धरतो. जवसाचं तेल वापरलंत तर त्याची चिंधी बोळा करून टाकू नका. वाळताना ती आपोआप तापते आणि पेटूही शकते. पसरून वाळवा, मग फेका.

ब्रेक लावणं

नट हाताने लावा, मग पान्याने पाव-पाव फेरी आवळत जा. लडी चढवा, धागा सावकाश ओढा आणि एकदम थांबा. फाळका अर्ध्या ते एका फेरीत थांबला पाहिजे. त्याहून जास्त फिरला तर आणखी आवळा. धागा तारेसारखा ताठ होत असेल तर सोडा. जास्त घट्ट ब्रेकचं नुकसान लगेच दिसत नाही. ताणून गुंडाळलेल्या लोकरीची लवचिकता दबते, विणताना माप बरोबर येतं, आणि स्वेटर पहिल्यांदा धुतल्यावर धागा मूळ लांबीवर येऊन स्वेटर आखूड होतो. म्हणून गुंडा करतानाही दोन बोटं खाली धरून त्यांच्यावरून वेढे घ्या आणि दर वीस-पंचवीस वेढ्यांनी बोटं काढून दिशा बदला. झालेला गुंडा दाबला तर आत गेला पाहिजे.

लडी चढवणं

लडी उलगडा, दोन्ही हातांत धरून दोनदा झटका द्या, म्हणजे वेढे समांतर होतात. बांधण्या अजून कापू नका. लडी खुंट्यांवर ठेवा, कुठे पीळ पडलाय का ते चारही बाजूंनी पाहा. ती ओढून ताणून बसवायची नाही आणि लोंबूही द्यायची नाही. आता बांधण्या कापा. दोन टोकं मिळतील. जे टोक बाहेरच्या वेढ्यांवरून मोकळं सुटतं ते घ्या. धागा दर फेरीत कुठेतरी खालून येऊन अडकत असेल तर जोर लावू नका, दुसऱ्या टोकाने सुरू करा. बैठक टेबलाच्या कडेला शिकंज्याने धरली तर मोठ्या लडीलाही सरकत नाही.

जुना स्वेटर उसवतानाही हाच फाळका उलटा कामाला येतो. खुंट्या २५.५ च्या भोकांत ठेवल्या की एक फेरी जवळपास दीड मीटर होते. उसवत जा, फाळका हाताने फिरवत गुंडाळत जा आणि फेऱ्या मोजा. १०० फेऱ्या म्हणजे दीडशे मीटर, नवीन विणकामाला लोकर पुरेल का याचा अंदाज तिथेच येतो. चार ठिकाणी सुती दोऱ्याने आठच्या आकड्यात सैल बांधा. फाळक्यावरून काढण्याआधी बांधा, नंतर वेढे सापडत नाहीत. लोकर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चोळू नका. शुद्ध लोकर गरम पाण्यात चोळली की नमदा होते. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. धाग्याचे कुरळे वेढे वाळता वाळता बरेचसे सरळ होतात. अॅक्रिलिकला इस्त्री किंवा वाफ लावू नका, धागा कायमचा लुळा पडतो.

फाळका वर्षाला एकदा उघडा. नमदा दबून पातळ झाला असेल तर बदला, नळी पुसून तिच्यावर मेणाचा हात फिरवा. तेल घालू नका, ते नमद्यात मुरतं आणि ब्रेक लागत नाही. खुंट्या काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, भोकांत राहिल्या तर पावसाळ्यात तिथेच फुगून बसतात.